हमिंगबर्डला गूळपाणी दिलं, चुकलं का? फीडर स्वच्छ कसा ठेवायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळची मिरजेची. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त. जानेवारीपासून मुलाकडे सनीवेलला, कॅलिफोर्नियात आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत जायचं आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला छोटी बाल्कनी. मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत गेली की दिवसभर मी आणि ती बाल्कनी. फेब्रुवारीत सुनेने माझ्यासाठी हमिंगबर्डचा फीडर आणला. लाल प्लॅस्टिकचा, उलट्या बाटलीसारखा, खाली चार पिवळी फुलं आणि प्रत्येक फुलात एक भोक. टांगला त्याच्या तिसऱ्या दिवशी पहिला पक्षी आला. माझ्या अंगठ्याएवढा. पाठ हिरवी, डोकं आणि गळा काळा वाटत होता. त्याने उन्हाकडे मान वळवली आणि सगळं डोकं गुलाबी पेटलं. मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. तेव्हापासून तो रोज येतो.

आता अडचण सांगते. सुरुवातीला सून दुकानातलं तयार लाल पाणी आणायची. ते संपल्यावर मला वाटलं, रंगीत कशाला, घरचंच काही द्यावं. आपल्याकडे उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवतो, मग पाण्याचा तांब्या पुढे करतो. त्याच मनाने मी गुळाचं पातळ पाणी केलं, गाळलं, गार केलं आणि भरलं. पक्षी प्यायलेही. तीन आठवडे असं चाललं. पण मे महिन्यात ऊन वाढलं तसं पाणी दोन-तीन दिवसांतच गढूळ व्हायला लागलं. तळाशी तारा दिसू लागल्या, आणि परवा फुलांच्या भोकांशी आतल्या बाजूने काळे ठिपके दिसले. आंबूस वासही येत होता. खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन आजोबांनी बाटली पाहिली आणि हातवारे करून सांगितलं की हे तपकिरी पाणी काढा, पक्षी मरेल. पुढचं मला नीट कळलं नाही. लगेच फीडर उतरवला, पण रात्री झोप लागली नाही.

गुळाने खरंच अपाय होतो का? तीन आठवड्यांत त्यांना काही झालं असेल का? पाणी नेमकं कसं करायचं आणि हे काळे ठिपके कसे काढायचे, घासून जात नाहीत. आणखी एक. तो नर दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. एक मादी येते, गळ्यावर टिकलीएवढाच लाल ठिपका आहे तिच्या. तिला घोटभरही मिळत नाही. आणि मी मिरजेला गेल्यावर यांचं काय? सवय लावायची आणि निघून जायचं हे मनाला पटत नाही.

आज सकाळी दोघेही येऊन रिकाम्या आकड्यासमोर हवेत थांबले आणि गेले.

अंगणवेल

काकू, फीडर उतरवलात हे फार चांगलं केलंत. मी फ्रीमाँटला राहते, तुमच्यापासून फार लांब नाही. चौदा वर्षं फीडर लावते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी गूळ. तो बंद करा. ज्या लोहासाठी आपण बाळंतिणीला आणि वयात आलेल्या मुलींना गूळ खायला सांगतो, तेच लोह या पक्ष्यांना बाधतं. फुलांच्या मधुरसात ते नाममात्र असतं, आणि जास्तीचं लोह यांच्या अंगात साठत जातं. म्हणूनच ब्राऊन शुगर नको, सेंद्रिय म्हणून मिळणारी पिवळसर साखर नको. मधही नको, तो पाण्यात मिसळला की लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. दळलेल्या साखरेत मक्याचं पीठ असतं, तीही नको. साधी पांढरी दाणेदार साखर, बस.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर, तो नर अजून दुसऱ्यांना हुसकावतो आहे ना, म्हणजे अंगात ताकद आहे. हे पक्षी फक्त फीडरवर जगत नाहीत. दिवसभर शेकडो फुलं पालथी घालतात, शिवाय चिलटं, बारीक कोळी खातात, प्रथिनं त्यातूनच मिळतात. तुमचा गूळ त्यांच्या दिवसभराच्या खाण्यातला एक भाग होता. आता थांबलात, पुरे झालं.

पाणी असं करा: १ वाटी साखरेला ४ वाट्या पाणी, वाटी तीच. तुमच्या दोन पक्ष्यांना एवढंसुद्धा खूप होईल, पाव वाटी साखर आणि एक वाटी पाण्यापासून सुरुवात करा. उकळलंच पाहिजे असं नाही. मी एक उकळी काढते, साखर नीट विरघळते आणि पाणी थोडं जास्त टिकतं. पण आपल्या हाताला पाकाची सवय असते, तेवढी सांभाळा. जास्त उकळलंत तर पाणी आटून प्रमाण बिघडतं. पूर्ण गार झाल्यावरच भरा. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. लाल रंग घालू नका, त्याची काही गरज नाही. फीडरचा लाल भाग त्यांना लांबून दिसतो.

आता धुणं. मला विचाराल तर प्रमाणापेक्षा हे मोठं काम आहे. पहिल्याच वर्षी मी दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा फीडर काठोकाठ भरून गेले होते. तीन आठवडे पुरेल अशा हिशोबाने. परत आले तेव्हा बाटलीत राखाडी साय होती आणि सगळी भोकं काळी. त्या दिवसांत त्यातलं कोण किती प्यायलं असेल, हे अजून माझ्या मनात येतं. त्यानंतर एक नियम पाळते. धुवायला माणूस नसेल तर फीडर आत.

तुमच्या ठिपक्यांसाठी: फीडर पूर्ण सुटा करा, पिवळी फुलंही ओढून काढा. एक गॅलन, म्हणजे साधारण पावणेचार लिटर पाण्यात पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून सगळे भाग तासभर बुडवून ठेवा. मग बाटलीत मूठभर कोरडे तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात खुळखुळवा, जिथे ब्रश जात नाही तिथे तांदूळ जातात. भोकांना दात घासायचा जुना ब्रश. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली पुन्हापुन्हा खळखळून, ब्लीचचा वास अजिबात येणार नाही इतकं. उन्हात खडखडीत वाळवून मगच भरा. आणि लक्षात ठेवा, ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एवढं करूनही ठिपके राहिले तर तो फीडर टाकून द्या, प्लॅस्टिकच्या चरांत बुरशी बसली की निघत नाही.

रोजच्या धुण्याला ब्लीच लागत नाही. कडक गरम पाणी, ब्रश, आणि हवं तर १ वाटी पांढऱ्या व्हिनेगरला ४ वाट्या पाणी. साबण मी वापरत नाही, त्याचा अंश बारीक भोकांत अडकतो. थंडीत चार-पाच दिवसांनी, तुमच्याकडे आत्ता आहे तशा हवेत तीन दिवसांनी, आणि ३२ अंशांच्या वर पारा गेला की एक दिवसाआड. पाणी उरलं असेल तरी ओतून द्यायचं, नुसती भर घालायची नाही. आपल्या बायकांचा जीव होत नाही उरलेलं टाकायला, म्हणून सुरुवातीलाच कमी भरा.

घाबरून जाऊ नका हेही सांगते. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी फीडरच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. फीडरमध्ये वाढणारे जंतू फुलांतल्या जंतूंपेक्षा वेगळे निघाले, पण त्यांतले बहुतेक पक्ष्यांना घातक म्हणून ओळखले जाणारे नव्हते. पाणी किंचित गढूळ झालं म्हणजे लगेच विष झालं असं नाही. पण काळी बुरशी आणि आंबूस वास आला की वाट बघायची नाही.

तुमचा पक्षी अॅनाज हमिंगबर्ड आहे, डोकंही गुलाबी म्हणजे नर. तो गुलाबी रंग पिसांच्या रचनेतून येतो, म्हणून उजेडाच्या कोनावर पेटतो आणि विझतो. त्याला माघार घ्यायला लावता येत नाही, तो त्याचा स्वभाव आहे. दुसरा छोटा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी, जिथून पहिला दिसत नाही असा लावा. दोन्हीकडे एकाच वेळी पहारा त्याला जमणार नाही, मादीला तिचं मिळेल. फक्त काचेच्या अगदी जवळ, हातभराच्या आत लावा, म्हणजे पक्षी वेगाने काचेवर आपटत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीहून. अंगणवेल यांच्याशी सहमत, पण साबणाबद्दल माझं थोडं वेगळं आहे. बाटली चिकट झाली की मी थेंबभर साबण लावतो आणि पाच वेळा खळखळून धुतो. बारा वर्षांत त्रास दिसला नाही. ज्याला इतकं धुवायचा कंटाळा आहे त्याने मात्र गरम पाणीच वापरावं.

आमच्याकडे फक्त रुबी-थ्रोटेड जातीचे हमिंगबर्ड. एप्रिलच्या उत्तरार्धात येतात, सप्टेंबरच्या शेवटी निघून जातात. वजन साधारण ३ ग्रॅम, आणि त्यांतले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात पार करतात, ८०० किलोमीटरच्या आसपास. आमच्या सासूबाई दर सप्टेंबरमध्ये म्हणायच्या, फीडर काढा, नाहीतर ती थंडीत अडकून पडतील. तसं होत नाही. दिवस लहान होत गेला की त्यांना जायची ओढ लागते, फीडर असो वा नसो. उलट उशिरा निघालेल्या एखाद्या पिल्लाला त्या साखरेचा आधार होतो. मी शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे फीडर ठेवतो आणि मग धुऊन, वाळवून, जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवून देतो.

काकू, तुमच्या फीडरला पिवळी फुलं आहेत म्हणालात. ती काढता येत असतील तर काढाच. पिवळ्या रंगाकडे मधमाश्या आणि गांधीलमाश्या ओढल्या जातात. नवा घ्यायची वेळ आलीच तर उलट्या बाटलीचा घेऊ नका, पसरट बशीसारखा घ्या. त्यात पाणी भोकांच्या खाली असतं, पक्ष्याची लांब जीभ पोचते, माशीची पोचत नाही. गळतही नाही, आणि धुवायला म्हणाल तर दोन तुकडे, ताटलीसारखे. मुंग्यांसाठी आकड्याच्या वर पाण्याची छोटी वाटी मिळते. आपण कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो तोच प्रकार. भोकांना तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, पिसांना लागलं तर निघत नाही.

टूसानचं ऊन

ॲरिझोनातून थोडंसं. इथे उन्हाळ्यात ४० अंश नेहमीचे, मी रोज सकाळी बदलते. सावलीत टांगलेलं पाणीसुद्धा दुपारपर्यंत कोमट होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सकाळी फीडर पूर्ण रिकामा दिसायचा. मला वाटायचं गळतो. एकदा रात्री अकराला दिवा न लावता बसले तर वटवाघळं येत होती, एकामागून एक, क्षणभर तोंड लावून पुढे. सग्वारो निवडुंग आणि अगेव्हच्या (घायपाताच्या) फुलांतला रस पिणारी ती वटवाघळं, मेक्सिकोकडे परतताना थांबतात. तेव्हापासून रात्रीचाही वाटा भरून ठेवते. भोकं मात्र सकाळी नक्की धुते.

ढगाळ

सिएटलहून. इथे अॅनाज हिवाळाभर राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात वीण करायचे, आता पार कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत आहेत. बागांतली परदेशी फुलझाडं आणि आपले फीडर, दोन्हींचा त्यात हात आहे. म्हणून हाडं गोठवणाऱ्या थंडीत आमच्यावर जबाबदारी जास्त येते. रात्री हे पक्षी शरीराचं तापमान एकदम खाली आणून निपचित बसतात आणि पहाटे त्यांना लगेच काहीतरी लागतं. मी रात्री फीडर आत घेतो, उजाडायच्या आधी बाहेर ठेवतो. गोठू नये म्हणून साखर वाढवत नाही, प्रमाण तेच. सनीवेलला एवढं करावं लागणार नाही. तिथे बारा महिने कुठे ना कुठे फुलं असतात. काकू, तुम्ही गेल्यावर फीडर उतरवला तर पक्षी उपाशी मरणार नाहीत.

सिंहगडरस्ता

मी पुण्यात राहतो. आमच्या टेरेसवरही छोटे हमिंगबर्ड येतात, काळे-निळे चमकणारे. त्यांच्यासाठी असा फीडर लावू का? ऑनलाइन मिळतो आहे.

कृष्णाकाठ

याचं उत्तर मी देते, कारण मिरजेच्या अंगणात मी त्यांच्याबरोबर तीस वर्षं काढली आहेत. तुमच्याकडे येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे एकही नाही. नात शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवत होती की हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. आणि शिंजीर निराळ्याच घराण्यातला. दिसण्यातलं साम्य दोघेही फुलातला रस पितात त्यामुळे. हे इथले हवेत एका जागी थांबून पितात, शिंजीर बहुतेक वेळा देठाला धरून बसतो आणि चोच आत घालतो.

फीडर घेऊ नका. पुण्याच्या उन्हात रोज धुवावा लागेल आणि ते होणार नाही, मी इथे शिकले. त्यापेक्षा जास्वंद लावा, एक्झोरा लावा, हॅमेलिया लावा. हॅमेलिया मूळ अमेरिकेचंच झाड, तिकडे हमिंगबर्ड त्यावर येतात आणि आपल्याकडे शिंजीर. जागा असेल तर पांगारा किंवा अडुळसा. फवारणी करू नका, कोळ्यांची जाळी झाडून टाकू नका. शिंजिराची मादी त्याच जाळ्यांनी घरटं बांधते. आमच्या जिन्याच्या वायरीला तिने दोन वर्षं घरटं लटकवलं होतं, आम्ही तो दिवा लावायचा बंद केला होता.

सिंहगडरस्ता

शिंजीर! नाव माहीत नव्हतं. जास्वंद आणतो या रविवारी. धन्यवाद काकू.

कृष्णाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला आठ दिवस लागले.

जुना फीडर ब्लीचमध्ये ठेवला, तांदूळ घालून खुळखुळवला, तरी एका फुलाच्या आत काळं राहिलंच. टाकून दिला. सुनेने बशीसारखे दोन छोटे आणले, पिवळं काही नसलेले. एक बाल्कनीत, एक स्वयंपाकघराच्या खिडकीला काचेशी चिकटून. तिथून बाल्कनी दिसत नाही. खालच्या आजोबांना नेऊन दाखवलं. साखरेचा डबा उघडून दाखवला, गुळाची ढेप दाखवून हाताने नाही म्हटलं. त्यांना समजलं. त्यांनी त्यांच्या कुंडीतली साल्व्हियाची एक फांदी मला लावायला दिली.

नर दुसऱ्या दिवशीच परतला. त्याने आभाळात उंच जाऊन सरळ खाली झेप घेतली आणि तळाशी टोकदार "चिक्" असा आवाज केला. मला वाटत होतं तो ओरडतो. मुलाने शोधून सांगितलं की तो आवाज शेपटीच्या पिसांचा, बर्कलीच्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. मादी चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. मी पोळ्या करत होते. ती प्यायली, जरा मागे सरकली, पुन्हा प्यायली. तिची जीभ काचेतून दिसली, केसाएवढी, टोकाला दुभंगलेली. तवा तापत राहिला, मी हलले नाही. तिला कुणी हुसकावलं नाही.

मी गेल्यावरचंही घरात बोलून ठरवलं. मुलगा म्हणाला, एक जमेल, दोन नाही जमणार. मग जुलैत बाल्कनीतला उतरवायचा आणि खिडकीतला ठेवायचा, कारण तो भांडी घासायच्या जागेपासून दोन पावलांवर आहे. नातीने पांढरी पट्टी चिकटवून त्यावर धुतल्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे, मराठी आकड्यांत, कारण इथले आकडे मी चष्म्याशिवाय चुकते असं तिला वाटतं. आज पट्टीवर २९ आहे. परवा धुवायचा.

अंगणवेल

काकू, साल्व्हियाला सकाळचं ऊन पुरेल. आणि जुलैत जायच्या आधी एकदा फ्रीमाँटला या, माझ्या लिंबाच्या झाडात घरटं आहे, लिंबाएवढंही नाही. पिल्लं उडाली तरी ते तिथेच राहील, मी झाड छाटलेलं नाही.